डबल बेल बंद

"मामा, ब्रेक मारायच्या आधी आवाज देत जावा की हो!"

गुरवमॅडम ओरडल्या तोवर ब्रेक मारून झाला होता. तिकिटांचा ट्रे छातीशी धरून त्या गाडीच्या मध्यापासून थेट माझ्या केबिनपर्यंत आल्या. त्यांच्या मागोमाग तानूमावशीची बुट्टी घसरत आली आणि बुट्टीच्या मागोमाग तानूमावशी. बुट्टीत गवतात बसवलेली गावठी अंडी होती.

"चाकाखाली काहीतरी आलं," मी म्हटलं.

"खड्डा आला."

"खड्डा नव्हे. मऊ लागलं."

"मग मऊ खड्डा आला." गुरवमॅडम मागं गेल्या, खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या आणि रस्ता बघून आल्या. "माणूस नाही, जनावर नाही, काही नाही. चला." त्यांनी दोरी ओढली. टिंग टिंग.

एसटीत एक बेल म्हणजे थांब आणि दोन बेल म्हणजे चल, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या दिवसांत माझ्या कानाला ती डबल बेल वेगळंच सांगायची. 'तू कुणाला मारलेलं नाहीस, जोतिबा रेडेकर. चल पुढं.' ते ऐकलं की पोटातला गोळा विरघळायचा. पुढचा खड्डा येईपर्यंत. आणि आजरा ते माळेवाडी रस्त्यावर त्या वेळी खड्ड्यांना काय तोटा होता! सांगतोय ती गोष्ट पंधरा-सोळा वर्षांमागची. आता मी रिटायर होऊन घरी काजूची झाडं राखतोय.

चाकाखाली जरा खट्ट झालं की मनात यायचं, माणूस गेला. आरशात बघायचो, रस्ता रिकामा दिसायचा. मन म्हणायचं, गटारात उडाला असेल, आरशात कसा दिसेल? हे खुळ्यासारखं चाललंय हे मला समजत नव्हतं असं नाही. चांगलं समजत होतं. पण समजून करायचं काय? ड्युटी संपली की मी स्कूटर काढायचो आणि दिवसभरात जिथं जिथं धक्का बसला तिथली गटारं बघून यायचो. सकाळी पेपर आला की आधी अपघाताच्या बातम्या. बायको, शालन, विचारायची, "एवढं डोळं फाडून काय बघताय? लॉटरी लागल्या का आपल्याला?" मी काय सांगणार? नवऱ्यानं रोज एक खून केलाय असं त्याला वाटतंय, हे चहा गाळता गाळता ऐकायची गोष्ट आहे का?

गाडीतल्या लोकांनी आधी शिव्या दिल्या, मग सवय करून घेतली. शेवटी शेवटी तर मी ब्रेकवर पाय ठेवायचा अवकाश, सगळी गाडी एका सुरात आरती म्हटल्यासारखी ओरडायची, "कोणी नाही मामा, चला!" सगळ्यांत वरचा आवाज तानूमावशीचा. ही बाई माळेवाडीची. बाजारच्या दिवशी अंडी घेऊन आजऱ्याला यायची आणि चढल्यापासून उतरेपर्यंत तिचं तोंड बंद नसायचं. तोंडाला रिव्हर्स गिअरच नाही, असं गुरवमॅडम म्हणायच्या.

मेमध्ये एक दिवस कहर झाला. वडाच्या वळणावर मागच्या चाकाखाली धप्प झालं. मोठं काहीतरी. डबल बेल झाली, आरती झाली, तरी माझं समाधान होईना. पुढं रस्ता रुंद होता तिथं मी गाडी वळवली आणि भरलेली एसटी घेऊन मागं आलो.

"अहो मामा, ही एसटी आहे, घरची बैलगाडी नाही!" गुरवमॅडम कपाळावर हात मारून म्हणाल्या.

वळणावर एक फणस फुटून पडला होता. वडाशेजारच्या झाडावरून रस्त्यावर पडलेला, माझ्या चाकानं चेचलेला. सगळी गाडी खाली उतरली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. तानूमावशीनं पदर तोंडाला लावला आणि गळा काढला, "गेला रं बाबा! चांगला कापा फणस व्हता! अजून सगळं आयुष्य पडलं व्हतं!" लोक हसून हसून वाकले. मग ज्यांना सापडले त्यांनी चांगले गरे उचलून खाल्ले. मी मात्र मागच्या चाकाशी उकिडवा बसलो होतो. फणसाशिवाय आणखी काही तर नाही ना, ते बघत होतो. सगळे हसताहेत आणि आपल्याला हसू येत नाही, याची मला इतकी लाज वाटली की वाटलं, तिथंच गाडी सोडून चालत घरी जावं.

गंमत अशी की त्याच जानेवारीत मला बिनअपघाती सेवेचा बिल्ला मिळाला होता. डेपोत मंडप, हार, पेढे. आमचे डेपो मॅनेजर भाषणात म्हणाले, "रेडेकरांसारखी काळजी घ्यायला शिका." मी मान खाली घालून उभा. मनात म्हणत होतो, साहेब, ही काळजी वैऱ्यालाही नको.

फणसाची बातमी शालनपर्यंत गेलीच. तिनं मला एका देवऋष्याकडं नेलं. त्यानं डोळे मिटले, अंगारा फुंकला आणि म्हणाला, "बाहेरचं हाय. रोज पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि त्याच्यावरनं गाडी काढायची. सगळं लिंबात जातंय."

दुसऱ्या दिवशी ठेवलं लिंबू. गाडी हलली, चाकाखाली पच्च झालं, आणि मी ब्रेक मारला.

"आता काय?" गुरवमॅडम.

"काहीतरी आलं."

"लिंबू आलं! तुम्हीच ठेवलंय की!"

"लिंबू मी ठेवलं, ते खरं. पण लिंबाबरोबर आणखी काही..."

मी उतरलो. बघितलं. चढलो. मग वाटलं नीट बघितलं नाही. पुन्हा उतरलो. त्या दिवशी गाडीला स्टँडमधून बाहेर पडायलाच उशीर झाला. गुरवमॅडम म्हणाल्या, "मामा, लिंबं मला द्या. निदान सरबत तरी होईल."

शेवटी फुटायचं ते फुटलं. म्हणजे अंडी. एका बाजारच्या दिवशी मी सलग इतके ब्रेक मारले की तानूमावशीच्या बुट्टीत आख्खं अंडं राहिलं नाही. ती स्टँडवर उतरली ती तशीच मॅनेजरच्या खोलीत. ठिबकणारी बुट्टी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या साहेब, तुमच्या ड्रायव्हरनं ऑम्लेट केलंय."

मला बोलावणं आलं. साहेब टेबल पुसत होते.

"रेडेकर, तुमच्या हातून अपघात होत नाही, मान्य. पण होणार कसा? गाडी चालली तर होणार ना!"

"साहेब, काळजी..."

"काळजी नव्हे ही. काय आहे ते मला कळत नाही, पण काळजी नव्हे. पावसाळा संपेपर्यंत बघतो. सुधारलं तर ठीक, नाहीतर स्टेअरिंग काढून घेणार. मग वर्कशॉपला जा, टायर बदला. आणि पहिल्यांदा डोळे तपासून घ्या."

मी बाहेर आलो आणि स्टँडबाहेरच्या पारावर बसलो. स्टेअरिंग सोडून मला काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नव्हतं. पहाटे धुक्यातून पहिली गाडी काढावी, दिव्याच्या उजेडात माणसं हात करून उभी दिसावीत, एकेकाला उचलत बाजाराला आणावं, यासारखं सुख मला दुसरं माहीत नाही. ते गेलं तर जोतिबा रेडेकरचं राहिलं काय? खाकी कपडे आणि बिल्ला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत." मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "रस्ता मोकळा दिसतो ना?"

"दिसतो."

"मग पटत का नाही?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "गडहिंग्लजला डॉक्टर हुक्केरी आहेत. मानसोपचाराच्या. त्यांना एकदा भेटा."

मी असा भडकलो! डेपोच्या कँटीनमध्ये येऊन गुरवमॅडमपुढं सगळं ओकलो. "मला म्हणे वेड्यांच्या डॉक्टरकडं जा! मी वेडा आहे? मी? बिल्ला आहे माझ्याकडं!"

गुरवमॅडमनी भजी खायची थांबवली नाहीत. "मग कधी जायचं?"

"मी नाही जाणार."

"मामा, तुम्ही रोज विचारताय आणि मी रोज वाकून वाकून बघत्येय. माझी कंबर गेली, दोरी ओढून ओढून हात गेला. तुम्ही वेडे नसाल, पण असंच चाललं तर मी नक्की होणार. बुधवारी सुट्टी आहे. जायचं."

"लोकांनी बघितलं तर?"

"माझा दवाखाना आहे म्हणून सांगा. मला झोप लागत नाही."

वयानं माझ्यापेक्षा कितीतरी लहान बाई, पण आवाज असा की इंजिन बंद पडलं तर गाडी त्या आवाजावर डेपोपर्यंत जाईल. आणि शालननं घरी ऐकलं तेव्हा तीसुद्धा गुरवमॅडमच्याच बाजूची निघाली. "देवऋषी झाला, आता शिकलेली बाई बघू," म्हणाली.

बुधवारी जूनच्या उकाड्यात मी तोंडाला टॉवेल गुंडाळून गडहिंग्लजच्या गाडीत बसलो. त्या गाडीचा कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "काय रेडेकर, दाढ दुखतीय का?" टॉवेल फुकट गेला.

दवाखान्यात पेशंटचं नाव विचारलं तेव्हा मी गुरवमॅडमकडं बोट केलं. त्याही बहाद्दर, म्हणाल्या, "वैजयंता गुरव. लिहा."

आम्ही दोघं आत गेलो. डॉक्टर हुक्केरी म्हणजे चष्मा लावलेली, कानडी हेलाचं मराठी बोलणारी, चाळिशीची बाई. टेबलावर पाण्याचा तांब्या आणि शेंगदाण्याची वाटी. मला वाटलं होतं विजेच्या तारा असतील.

"काय त्रास होतो, वैजयंता?"

"मला सारख्या बेला माराव्या लागतात."

"असं? केव्हापासून?"

"हे गाडी चालवायला लागल्यापासून," गुरवमॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं.

डॉक्टरांनी शेंगदाण्याची वाटी माझ्याकडं सरकवली. "मग तुम्ही सांगा, मामा."

आणि मी सांगितलं. खड्डा, गटारं, स्कूटर, पेपर, फणस, लिंबू, सगळं. कधी कुणाला एवढं सलग सांगितलं नव्हतं. बाई मधे मधे साधं काहीतरी विचारायची. घरी असताना हे विचार येतात का? परत बघून आलं की किती वेळ बरं वाटतं? फणसाशी आल्यावर तिला हसू आवरेना. "माफ करा हं," म्हणाली. आणि काय सांगू, त्या दिवशी पहिल्यांदा त्या फणसावर मीही हसलो.

"याला ओसीडी म्हणतात," ती म्हणाली. "मराठीत मंत्रचळ. नको असलेला विचार डोक्यात शिरतो आणि तो शमवायला माणूस तेच तेच करत बसतो. माझ्याकडं हात धुणारे आहेत, कुलूप ओढणारे आहेत, गॅस बघणारे आहेत. एसटी परत फिरवणारे तुम्ही पहिलेच."

"म्हणजे मी वेडा..."

"तो शब्द चपलांबरोबर बाहेर काढून यायचा इथं. आजार आहे, औषध आहे, बहुतेकांना चांगला फरक पडतो. पण गोळी आज घेतली आणि उद्या बरं वाटलं, असं होत नाही. काही आठवडे लागतात. मधेच सोडायची नाही. आणि गोळी अंगवळणी पडेपर्यंत बस चालवायची नाही. डेपोला पत्र देते मी."

माझा चेहरा पडला असणार.

"स्टेअरिंग परत मिळायला हवं ना? मग थोडे दिवस सोडा. गोळीबरोबर दुसरं एक औषध आहे, ते जास्त कडू आहे." आणि ती एकदम गुरवमॅडमकडं वळली. "हे विचारतात तेव्हा तुम्ही काय करता?"

"बघते. कोणी नाही म्हणून सांगते. डबल बेल देते."

"दरवेळी?"

"हो! नाही दिली तर बिचाऱ्यांचा जीव..."

"ती बंद."

गुरवमॅडमचं तोंड उघडंच राहिलं.

"खाज सुटली की खाजवतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि खाज वाढते. तुमची बेल म्हणजे ते खाजवणं," डॉक्टर म्हणाली. "भीती चढते, चढते, आणि वर जाऊन कंटाळून आपली आपण उतरते. पण तुम्ही दरवेळी मधेच बेल देऊन तिला उतरवता. त्यामुळं ती स्वतः उतरते, हे मामांना कधी कळलंच नाही."

"म्हणजे मीच वाढवलं?" गुरवमॅडमचा आवाज बारीक झाला.

"तुम्ही मायेनं केलंत. आता मायेनंच बंद करायचं. यांनी विचारलं तर 'हो' म्हणायचं नाही, 'नाही'ही म्हणायचं नाही. काही सांगायचं नाही. घरी बायकोनंही नाही. आणि मामा, तुम्ही उतरायचं नाही, मागं वळायचं नाही."

"आणि खरंच कोणी आलं असेल तर?"

"हाच प्रश्न आहे बघा आजाराचा. त्याला उत्तर द्यायचं नाही. तुम्ही वीस-पंचवीस वर्षं गाडी चालवताय. माणूस आला तर तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही."

साहेबांनी पत्र वाचलं, मला वर्कशॉपला घातलं आणि म्हणाले, "बरे होऊन या. खुर्ची राखून ठेवतो." मला वाटलं होतं हसतील. नाही हसले.

पहिले दिवस वाईट गेले, खोटं कशाला बोलू. गोळीनं तोंड कोरडं पडायचं, झोप यायची. डॉक्टरांनी सरावाला सांगितलं तसं आम्ही घरामागच्या वाटेवर भाताच्या तुसानं भरलेलं पोतं आडवं टाकलं. त्याच्यावरून स्कूटर न्यायची आणि मागं बघायचं नाही. पोतं मीच टाकलेलं, तूस मीच भरलेलं, तरी धक्का बसला की घामानं भिजायचो. शालन कट्ट्यावर पाठ करून बसायची.

"शालन, पोतंच होतं ना?"

"मला विचारू नका. मी माहेरी गेलीय."

"अगं, एकदाच सांग."

"माहेरी फोन नाही."

एकदा तर मी वाटेतच बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. शालननं पाणी आणून दिलं, डोक्यावरून हात फिरवला, पण पोतं होतं का काय ते सांगितलं नाही. तिलाही ते सोपं नव्हतं. रडून झालं, आणि खरंच थोड्या वेळानं पोटातला गोळा बसत गेला. कुणी न सांगता.

गडहिंग्लजच्या फेऱ्या चालू होत्या. टॉवेल तिसऱ्या फेरीला घरीच विसरलो, मग नेलाच नाही. श्रावण संपता संपता एका सकाळी पेपर आला आणि मी आधी कुस्तीचं पान उघडलं. शालननं ते बघितलं. त्या दिवशीचा चहा नेहमीपेक्षा गोड होता.

दसऱ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला. साहेबांनी तीच गाडी दिली, तोच रस्ता, त्याच गुरवमॅडम. "या आठवड्यात बघू. गाडी वेळेत गेली-आली तर स्टेअरिंग तुमचं," म्हणाले.

बाजारचा दिवस होता. आजऱ्यातून माळेवाडीला परतणारी दुपारची गाडी गच्च भरली होती. गुरवमॅडम तिकिटं फाडत फाडत मागं गेल्या, दोरी ओढली, टिंग टिंग, आणि मी गाडी काढली.

थोडं अंतर गेल्यावर लक्षात आलं, गाडीत कोणी बोलत नाही. बाजार करून आलेली माणसं आणि बोलत नाहीत? कुणाच्या भावाला शिव्या नाहीत, सुनेचं गाऱ्हाणं नाही, काही नाही. पहिल्या सीटवर तानूमावशी मांडीवर बुट्टी घेऊन बसली होती. त्या दिवशी बाजार पडला होता, अर्धी अंडी परत चालली होती. तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबलेला.

"काय मावशी, बरं आहे ना?"

तिनं नुसती मान हलवली. तानूमावशीनं! वाटलं, माझ्यावर राग आहे सगळ्यांचा. ऑम्लेट विसरलेले नाहीत. नाहीतर गावात कोणीतरी गेलंय.

वडाचं वळण आलं. आणि मागच्या चाकाखाली धप्प झालं.

तेच ठिकाण, तसाच आवाज. पाय ब्रेककडं निघाला. "मॅडम," माझ्या तोंडून निघून गेलं, "काही आलं का हो?"

उत्तर नाही.

वरच्या आरशात बघितलं. गुरवमॅडम दोन्ही हात पाठीमागं बांधून छताकडं बघत उभ्या होत्या. ओठ घट्ट मिटलेले. आणि सगळी गाडी मांडीकडं बघत होती. आरती नाही, काही नाही. इंजिनाचा तेवढा आवाज.

मन बोंबलत होतं, थांब, उतर, बघ. मी तानूमावशीच्या बुट्टीकडं बघितलं. मग पाय ब्रेकवरून काढला, गिअर टाकला आणि गाडी पुढं नेली. भीती चढत होती, घाटात गाडी चढावी तशी. कानशिलं तापली, स्टेअरिंग हातात घसरायला लागलं. चढू दे, म्हटलं. बघू तर खरं कुठवर जातेस. पांदीचा फाटा गेला, शाळा गेली. ओढ्यावरच्या पुलावर गाडी आली तेव्हा मला जाणवलं, छातीतली धडधड कमी झालीय. पूल संपला तेव्हा आणखी कमी. उतरली की हो! कुणी बेल दिली नाही, कुणी सांगितलं नाही, आपली आपण उतरली! मला इतका आनंद झाला की मोकळ्या रस्त्यावर मी उगाचच हॉर्न वाजवला.

माळेवाडीला गाडी वेळेवर लागली. थांब्यावर परतीचं एक माणूस नव्हतं. गाडी वेळेवर येईल अशी सवयच कुणाला राहिली नव्हती.

मी इंजिन बंद केलं. आणि पाठीमागून किंचाळी आली, "आता बोलू का गं बया? गप्प बसून जीव जायची पाळी आली माझी!"

तानूमावशीनं पदराचा बोळा काढला आणि सगळी गाडी फुटली. हसणं, टाळ्या, एकच कल्ला. मी सीटवरून वळून बघतच राहिलो.

"काय प्रकार आहे हा?"

"ह्या तुझ्या मॅडमनं तिकिटाबरोबर दम भरलाय प्रत्येकाला," तानूमावशी म्हणाली. "आज मामांची परीक्षा हाय, वाटेत जो तोंड उघडंल त्याला रानात उतरवीन, म्हणली. मी श्वाससुदीक दबकत घेतला."

गुरवमॅडम ट्रेमधली तिकिटं नीट करत होत्या. वर बघत नव्हत्या. डोळे पुसत होत्या असं मला वाटलं. चाळीसेक माणसं, बाजारातून आलेली, वाटभर जिभा दाताखाली धरून बसली होती. कुणासाठी? माझ्यासाठी.

"पर कसली रं परीक्षा, जोतिबा?" तानूमावशीनं विचारलं.

गुरवमॅडमनी चटकन वर बघितलं. त्यांनी सांगितलं नव्हतं, ते सांगायचं माझ्यावर सोडलं होतं. मला काहीही सांगता आलं असतं. डेपोची परीक्षा, लायसनची परीक्षा. मला टॉवेल आठवला.

"मावशी, मला मंत्रचळाचा आजार आहे," मी म्हटलं. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हटलं. "तुम्ही कोणी नाही म्हणून सांगितलंत की तो वाढतो. म्हणून गप्प राहायचं. गडहिंग्लजला मानसोपचाराची डॉक्टर आहे, तिचं औषध चालू आहे माझं."

"म्हंजी डोक्याची डॉक्टर?"

"हां."

मी हसण्याची वाट बघत होतो. तानूमावशीनं बुट्टीवरचं फडकं उचललं, गवत चाचपलं, अंडी हलवून बघितली. एकही फुटलं नव्हतं. मग फडकं परत झाकलं आणि पुढं वाकून, तिच्या मानानं अगदी हळू, म्हणजे चौथ्या सीटपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "आमची थोरली सून घराला कडी लावत्या, रानात येत्या, आणि परत कडी बघायला घरला जात्या. रोजचं हाय. आम्ही तिला नुसत्या शिव्या देतोय रं." तिनं बुट्टी मांडीवर नीट घेतली. "त्या डॉक्टरणीकडं कुठली गाडी जात्या?"

"सकाळची गडहिंग्लज. बुधवारी मीच जातोय. घेऊन या तिला."

"तोंडाला टॉवेल लागणार नाही म्हणावं," मागून गुरवमॅडम म्हणाल्या.

परतीची वेळ झाली. मी गाडी काढली तशी गावातून माणसं पिशव्या सावरत, धोतर सावरत पळत आली. "अरे थांब, थांब! आज वेळेवर कशी?" एक बेल, थांबलो. चढली सगळी. टिंग टिंग, निघालो. वडाच्या वळणावरून येताना मी समोर बघत होतो.

पुढं मी रिटायर होईपर्यंत तो रस्ता केला. गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी केली, कधी मधे वाढवलीही. खड्डा लागला की अजून मनात एखादं फुलपाखरू उडतं, नाही असं नाही. उडू देतो.

निरोपाच्या दिवशी पुन्हा मंडप, हार, पेढे. सगळं आटोपल्यावर गुरवमॅडम माझ्याजवळ येऊन बसल्या. केसांत पांढरं दिसायला लागलं होतं, आवाज मात्र तसाच.

"मामा, इतकी वर्षं पोटात ठेवलंय. त्या दिवशी वडाच्या वळणावर चाकाखाली काय आलं होतं, ते मी परत येताना खिडकीतून बघितलं होतं. आता सांगू का?"

मी गळ्यातला हार काढून खुर्चीला अडकवला.

"नको," मी म्हटलं. "चहा सांगा."